जहाजाची टाकी आणि घराचा हौद

समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या चहूंकडे पाणीच पाणी असते. परंतु त्याची तहान भागते ती किनाऱ्यावरून बरोबर नेलेल्या पाण्याने. मुंबईच्या ससून गोदीतून मासेमारीस निघालेली नौका असो किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून सुटलेली असो, निघण्यापूर्वी डिझेल, बर्फ आणि शिधा यांच्याबरोबर गोडे पाणी भरून घ्यावेच लागते. किनारा सुटला की पुढे कित्येक दिवस त्या साठ्यावरच तांडेलापासून खलाशापर्यंत सर्वांचा निर्वाह व्हावयाचा असतो. हे पाणी संपले तर संकट ओढवेल, हे कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु पाणी संपण्यापूर्वीच टाकीत बिघडले तर त्याहून मोठे संकट ओढवते, हे समजावयास मनुष्यजातीला फार काळ लागला.

ग्वाल्हेर शहर समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तेथील लष्कर भागातल्या इंदरगंजात राहणाऱ्या कुटुंबाने जहाजावरील टाकीचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या घरी नळाला चोवीस तास पाणी नसते ते घर एका अर्थी जहाजच होय. नळ येण्याची वेळ ही त्याची बंदरात थांबण्याची वेळ. तेवढ्या वेळात जे पाणी भरून घेता येईल ते घ्यावयाचे आणि पुढचा नळ येईपर्यंत त्यावर भागवावयाचे. फरक इतकाच की, जहाजावरच्या माणसाला आपण प्रवासाला निघालो आहोत याची जाणीव असते. घरातल्या माणसाला ती नसते.

साठविलेल्या पाण्याचे महत्त्व मराठी माणसाला नवीन नाही. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी कातळात खोदलेल्या पोढ्या आजही पाहावयास मिळतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे प्रकरण आहे त्यात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, राखीव पाण्यासाठी तळी व टाकी बांधावीत आणि गडावरचे पाणी जतन करावे, असा उपदेश केलेला आहे. वेढा पडलेला गड आणि समुद्रात गेलेले गलबत यांची स्थिती पाण्याच्या बाबतीत सारखीच. ग्वाल्हेरचा किल्लाही अशाच कुंडांच्या व तलावांच्या आधाराने शतकानुशतके उभा राहिला.

या किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. वस्ती वाढली, तसे विहिरी व बावड्यांचे पाणी अपुरे पडू लागले. सांक नदीवर टिघरा येथे १९१६ मध्ये धरण बांधण्यात आले. पुढच्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपून ते फुटले आणि मोठी प्राणहानी झाली. त्याची पुन्हा उभारणी झाली, आणि तेव्हापासून टिघऱ्याचे पाणी हाच शहराचा मुख्य आधार होऊन राहिला. हे पाणी मोतीझील येथील शुद्धीकरण केंद्रात गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते आणि मग ते नळांवाटे घरोघर जाते. पाऊस ओढ घेतो आणि टिघऱ्यातील साठा खालावतो, तेव्हा शहराला एक दिवसाआड पाणी देण्याचीही वेळ आलेली आहे. यास्तव प्रत्येक घराच्या अंगणात हौद, गच्चीवर टाकी आणि स्वयंपाकघरात माठ किंवा पिंप असणे ओघानेच आले.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. पाणी शुद्ध करणे ही एक गोष्ट आणि शुद्ध झालेले पाणी शुद्ध ठेवणे ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट नगराची यंत्रणा करते. दुसरी गोष्ट घराच्या उंबऱ्याच्या आत घडते, आणि तेथे कोणताही अधिकारी तपासणीस येत नाही. जहाजांचा अनुभव या दुसऱ्या गोष्टीविषयी फार शिकविणारा आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळी पाणी लाकडी पिंपांत भरीत. काही आठवड्यांत ते हिरवट होई, त्याला बुळबुळीत थर येई आणि घाण सुटे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या आरमाराने लोखंडी टाक्या वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा पाणी अधिक काळ टिकू लागले. तरीही पाण्याचा आणि रोगाचा संबंध नेमका कसा, हे कळले नव्हते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. त्याच तलावात लोक कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. साठविलेले पाणी दिसावयास स्वच्छ असले तरी रोगाचे वाहन होऊ शकते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरला.

पुढे जहाजावरील आरोग्याचे नियम तयार झाले. जागतिक आरोग्य संघटनेने जहाजांवरील स्वच्छतेची मार्गदर्शिका १९६७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिची तिसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली. १९७० ते २००३ या काळात जहाजांवर पाण्यावाटे पसरलेल्या रोगांच्या २१ साथींचा अभ्यास झालेला आहे. त्यांची कारणे पाहिली म्हणजे मन चकित होते. कोठे बंदरात घेतलेले पाणीच दूषित होते. कोठे ते भरताना नळीतून घाण आत गेली होती. कोठे जहाजावरील सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले होते, कोठे टाकीची बांधणीच सदोष होती, तर कोठे जंतुनाशक पुरेसे घातलेले नव्हते. यांपैकी एकही कारण असे नाही की, जे इंदरगंजातील घराला लागू पडू नये.

प्रथम पाणी भरण्याचा प्रसंग घ्या. जहाजावर पिण्याचे पाणी भरण्याची नळी स्वतंत्र असते. ती इतर कशासाठी वापरीत नाहीत, काम झाल्यावर तिची तोंडे झाकून ती जमिनीपासून उंच टांगून ठेवतात, आणि भरण्यापूर्वी थोडे पाणी सोडून ती आतून धुऊन घेतात. तिचे तोंड बंदरातल्या घाण पाण्यात बुडू देत नाहीत. आता घराकडे पाहावे. नळाला जोडलेली रबरी नळी पुष्कळदा मोरीत किंवा गटाराच्या काठी लोळत पडलेली असते. नळ गेला की वाहिनीतील दाब नाहीसा होतो. अशा वेळी नळीचे तोंड घाण पाण्यात बुडालेले असेल तर ते पाणी उलट शोषले जाते. त्यात नळाच्या वाहिनीला थेट मोटर लावून पाणी ओढण्याची चाल पडलेली आहे. मोटर पाणी ओढते तशी वाहिनीच्या सांध्यांतील फटींतून भोवतालची घाणही ओढते. एका घराच्या घाईचा परिणाम साऱ्या गल्लीला भोगावा लागतो. म्हणून मोटर लावावयाची ती हौदातील पाणी गच्चीवर चढविण्यासाठी. वाहिनीला थेट लावू नये. तसेच नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी सर्वांत अधिक गढूळ असण्याचा संभव असतो. ते हौदात न घेता धुण्या-सारवण्याकडे वळवावे.

दुसरा प्रश्न टाकीच्या बांधणीचा. जहाजावर पिण्याच्या पाण्याची टाकी तेलाच्या वा मैलापाण्याच्या टाकीला चिकटून नसावी आणि सांडपाण्याची नळी तिच्यातून जाऊ नये, असा दंडक आहे. टाकीचे तोंड तक्तपोशीपेक्षा उंच असते, म्हणजे वरचे धुण्याचे पाणी आत ओघळत नाही. हवेच्या नळीला जाळी असते. घरचा जमिनीतला हौद याच कसोट्यांवर तपासून पाहावा. त्याचे तोंड अंगणाच्या पातळीशी सपाट असेल तर पावसाचे आणि धुण्याचे पाणी त्यात जाणारच. तो शौचकूपाच्या टाकीजवळ असेल आणि त्याच्या भिंतीला तडा असेल, तर वरून काहीही दिसत नसताना विष आत झिरपत असते. गच्चीवरील टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले आणि त्यावर दगड ठेवून काम भागविले, असे दृश्य अनेक घरी दिसते. त्या फटीतून पाल, कबुतराची घाण आणि डास यांना वाट मिळते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास स्वच्छ साठविलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि सुमारे आठवडाभरात अंड्यापासून डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करून घासण्याचा जो सल्ला दिला जातो, त्यामागील गणित हेच आहे. घासणे आवश्यक यासाठी की, भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात.

तिसरी गोष्ट काळाची आणि उन्हाची. नळाच्या पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक राहील, अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. क्लोरीन मिसळलेल्या पाण्याबाबत भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावे. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर पाठविलेला पहारेकरी होय. वाटेत वा टाकीत थोडेफार जंतू शिरले तर तो त्यांचा समाचार घेतो. परंतु हा पहारेकरी अमर नाही. ऊन, उष्णता आणि तळाचा गाळ त्याला खर्ची घालतात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा गच्चीवरील काळ्या टाकीतील पाणी हाताला चटका देते. अशा पाण्यात क्लोरीन झपाट्याने कमी होते. शिवाय २५ ते ४५ अंशांचे कोमट, साचलेले पाणी लिजिओनेला नावाच्या जंतूला विशेष मानवते. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा हा जंतू प्रथम उजेडात आला. तो पोटात गेल्याने नव्हे, तर पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने रोग होतो. टाकीला सावली करणे, तिला फिकट रंग देणे आणि साठा फार दिवस तुंबून न ठेवणे हे साधे उपाय यासाठीच सांगितले जातात.

मोठ्या जहाजांवर समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करण्याची यंत्रे असतात. हे पाणी अत्यंत शुद्ध असते. तरीसुद्धा टाकीत सोडताना त्यात क्लोरीन मिसळावे लागते. कारण त्यात पहारेकरी मुळीच नसतो. घरोघरी बसविलेल्या आर.ओ. यंत्राची कथा हीच. हे यंत्र क्षार काढते, त्याबरोबर क्लोरीनही काढून टाकते. ते पाणी ताजे प्यावे हे उत्तम. परंतु तेच कळकट पिंपात भरून दोन-तीन दिवस ठेवले तर महागड्या यंत्राचा लाभ पिंपाच्या तळाशी बुडाला असे समजावे. तुरटीविषयीही असाच गैरसमज आढळतो. तुरटी फिरविली की गाळ खाली बसतो व पाणी नितळ दिसते. पण त्याने सर्व जंतू मरत नाहीत. नितळ पाणी आणि निर्जंतुक पाणी यांत अंतर आहे.

पहारेकऱ्याची शक्तीही मर्यादित असते, याचे मोठे उदाहरण दिल्लीत घडले. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नाल्याचे घाण पाणी नदीतून पाणी उचलण्याच्या जागी शिरले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. तरीदेखील १९५५-५६ च्या त्या साथीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तिचा विषाणू पुढे हेपॅटायटिस ‘ई’ म्हणून ओळखला गेला. गरोदर स्त्रियांना तो विशेष घातक ठरतो. विषमज्वरासारखे रोग मात्र त्या वेळी फारसे वाढले नाहीत. सारांश, घाण आत शिरू द्यावयाची आणि मग औषधाने ती मारावयाची, हा क्रम भरवशाचा नाही. आधी घाण अडविली पाहिजे.

चौथी गोष्ट पाणी काढण्याची. जहाजाच्या टाकीत किती पाणी उरले, हे पाहण्यासाठी पूर्वी काठी किंवा दोरी आत सोडीत. तीच काठी डेकवर कोठेही पडलेली असे. आता अशी काठी शक्यतो वापरू नये आणि पाण्याची पातळी बाहेरून कळावी, असा आग्रह धरला जातो. घरी काठीची जागा तांब्या घेतो. माठात तांब्या बुडविताना बोटेही बुडतात. आणि ती बोटे लहान मुलाची असतील तर ती कोठून आली हे कोण सांगणार? ज्या घरी माठाला तोटी आहे किंवा लांब दांड्याचे ओगराळे आहे, त्या घरी हा धोका पुष्कळ कमी होतो. टाकी कितीही स्वच्छ ठेवली तरी शेवटची दोन हातांची वाट घाण राहिली, तर आधीचे सर्व श्रम वाया जातात.

टाकी धुण्याची रीतही जहाजांवरून शिकण्यासारखी आहे. टाकी रिकामी करून आतून घासावी व गाळ काढून टाकावा. मग ती भरून लिटरला ५० मिलिग्रॅम या प्रमाणात क्लोरीन घालून चार तास ठेवावी, असा तेथील एक प्रचलित परिपाठ आहे. घरच्या १,००० लिटरच्या टाकीसाठी हिशेब करावयाचा तर ५० ग्रॅम क्लोरीन लागते. ब्लीचिंग पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल तर २०० ग्रॅम पावडर पुरे. ती बादलीभर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे. सर्व तोट्या उघडून क्लोरीनचा वास येऊ लागला की बंद कराव्यात. या चार तासांत ते पाणी कोणीही पिऊ नये. नंतर ते शौचालय व गटार धुण्यास वापरावे, झाडांना घालू नये, आणि टाकी स्वच्छ पाण्याने खळाळून घ्यावी. पावडर जुनी वा दमट असेल तर तिची शक्ती उतरलेली असते. ती आम्लयुक्त शौचालय-द्रावणात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

रोजच्या पाण्याविषयी शंका असेल तेव्हा १,००० लिटर नितळ पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. घातल्यावर निदान अर्धा तास थांबावे. पहारेकरी जागा आहे की नाही, हे पाहण्यासाठी क्लोरीन तपासण्याची लहान पेटी मिळते. औषधाचे थेंब टाकताच पाण्याला रंगाची छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. साथीच्या दिवसांत पिण्याचे पाणी खळखळून उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. जहाजावर बंद टाकीत एकट्या माणसाला उतरू देत नाहीत. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते, आणि आत उतरलेला मनुष्य हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. त्याला वाचवावयास दुसरा उतरतो व तोही पडतो. जमिनीतील खोल, बंद हौदातही असेच प्रसंग घडतात. झाकण उघडून पुरेसा वेळ हवा खेळू द्यावी, बाहेर दुसरा मनुष्य दोर घेऊन उभा असावा, आणि थोड्या मजुरीवर आणलेल्या माणसाला तर घाईने आत उतरवूच नये. आपल्या तहानेसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जहाज आणि घर यांत सर्वांत मोठे अंतर मात्र आणखी एका ठिकाणी आहे. २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांप्रमाणे जहाजाला स्वच्छतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते फार तर सहा महिने चालते. पाण्याची जबाबदारी जहाजावर नेमून दिलेली असते. टाकी केव्हा धुतली, क्लोरीन किती होते, याची नोंद ठेवली जाते. पाच बिऱ्हाडांच्या वाड्यात काय होते? टाकी सर्वांची असते, म्हणून कोणाचीच नसते. मालक म्हणतो, पाणी भाडेकरू वापरतात; भाडेकरू म्हणतात, टाकी मालकाची आहे. दोघांचा वाद चाललेला असताना त्याच टाकीचे पाणी खालच्या खोलीतील वर्षभराचे मूल पीत असते. प्रौढ माणसाला दोन दिवस अंथरुणावर पाडणारा अतिसार अशा मुलाच्या अंगातील पाणी काही तासांत आटवून त्याचे प्राण घेऊ शकतो.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. वाड्यातील एकाने जबाबदारी घ्यावी आणि ती दर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे जावी. टाकी धुतल्याची तारीख तिच्याशेजारच्या भिंतीवर सर्वांना दिसेल अशी लिहावी. झाकण बसते की नाही, जाळी शाबूत आहे की नाही, नळी कोठे पडली आहे, हे आठवड्यातून एकदा पाहावे. नगरसंस्थेकडे शुद्ध पाण्याची मागणी करणे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि तो त्यांनी बजावलाच पाहिजे. परंतु नळातून आलेले पाणी आपल्या हौदात पडल्यापासून मुलाच्या ओठांना लागेपर्यंत जी वाट आहे, ती ज्याच्या त्याच्या घरातली आहे. आणि तिच्यावर पहारा घरच्यांनीच ठेवावयाचा आहे.